आर्थर काउंटीत माणसं इतकी कमी का

ओगालाला, नेब्रास्का, अमेरिका

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, "एवढी जमीन आणि माणसं चारशेच? जमीन मुरमाड आहे का?" असं तुम्ही फोनवर विचारलंत. तिथे नीट सांगता येईना, म्हणून सविस्तर लिहिते.

आर्थर काउंटी इथून उत्तरेला. काउंटी म्हणजे आपला तालुका धरून चाला. क्षेत्रफळ साधारण 1,850 चौरस किलोमीटर, आणि 2020च्या जनगणनेत माणसं 434. चार चौरस किलोमीटरला एक माणूस! म्हसवडच्या बाजारात एका सकाळी याहून जास्त दिसतील. गाव म्हणावं असं एकच, त्याचंही नाव आर्थर. शाळा, कचेरी तिथेच. मोठ्या दवाखान्याला मात्र साठेक किलोमीटर खाली ओगालालाला यावं लागतं.

जमीन मुरमाड नाही, निव्वळ वाळू आहे. वाऱ्याने रचलेल्या टेकड्या आणि त्यांना धरून ठेवणारं गवत. या सगळ्या पट्ट्यालाच सँडहिल्स म्हणतात. पाऊस आपल्या माणदेशासारखाच, 450 ते 500 मिलिमीटर. पण तो ओढ्याला लागून वाहून जात नाही, पडल्या जागी मुरतो. खाली भूजलाचा प्रचंड साठा आहे. दोन टेकड्यांमधल्या सखल जागी पाणी इतकं वर असतं की तळी साचतात. पवनचक्की बसवली की हौद भरतो. म्हणजे पाण्याची ददात नाही. अडतं ते नांगरापाशी.

1904 साली सरकारने किंकेड कायदा केला. पश्चिम नेब्रास्कात पाच वर्षं राहून जमीन सुधारणाऱ्याला 640 एकर, म्हणजे पुरा एक चौरस मैल. लोक धावत आले. 1920 साली या काउंटीत 1,412 माणसं होती. बाबा, आता हिशेब तुम्हीच मांडा. इथल्या गवतावर एक गाय आणि तिचं वासरू वर्षभर पोसायला 15 ते 20 एकर लागतात. 640 एकरांत गाई बसतात 32 ते 42. वासरं वसंतात होतात आणि शरदात विकतात, पैसा हातात येतो तो वर्षातून एकदाच. तेवढ्यावर घर चालेना, म्हणून लोकांनी गवत मोडून पिकं घेतली. मुळं तुटली, वाळू उडाली, पीक गेलं आणि चराऊ रानही गेलं. माणसं जमीन विकून निघून गेली, शेजारी घेत गेले. आज रानं हजारो एकरांची आहेत आणि घरं मोजकी. मला तर वाटतं, चूक माणसं निघून जाण्यात नव्हती, एका घराला 640 एकर पुरतील या अंदाजात होती.

गवत फाटलं की काय होतं, तेही सांगते. हौदाभोवती, कुंपणाच्या कोपऱ्यात, गुरांच्या वाटेवर आधी ताटाएवढी वाळू उघडी पडते. हिवाळ्यातला वायव्येचा वारा तिथे घुसतो. खड्ड्याचा काठ उभा असला तर खालची वाळू सरकते आणि वरचं गवत मुळांसकट लोंबकळून कोसळतं. खड्डा दरसाल रुंदावतो. याला इथले लोक ब्लोआउट म्हणतात. पहिला उपाय म्हणजे तारेचं कुंपण घालून गुरांना बाहेर ठेवायचं. मग उभा काठ उतरता करायचा, आत जुनं गवत आणि शेणखत पसरायचं, त्यात गवताचं बी टाकायचं. पुष्कळ जण जुने टायरही टाकत आले आहेत, वारा जमिनीलगत मंदावतो म्हणून. नुसतं बी फेकलं तर ते वाळूखाली गाडलं जातं नाहीतर उडून जातं. आणि कुंपण लवकर काढलं की कोवळं गवत गुरांच्या पायाखाली जाऊन सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

आई, तुझ्यासाठी एक. या मुलखात लाकूड नाही, आणि भिंतीला लागणारं मातीचं ढेकूळ वाळूमुळे टिकत नाही. म्हणून आर्थर गावात 1928 साली चर्च बांधलं ते पेंढ्याच्या दाबलेल्या गठ्ठ्यांचं. विटांसारखे गठ्ठे एकावर एक रचले आणि आतून-बाहेरून गिलावा केला. तू कुडाला सारवण घालायचीस ना, तोच विचार: ओल आत जाऊ द्यायची नाही. गिलाव्याला भेग पडली की पहिल्यांदा तीच बुजवायची, कारण पेंढा भिजून कुजायला लागला की बाहेरून कळतही नाही. ते चर्च अजून उभं आहे. फोटो सोबत ठेवला आहे. खिडकीपाशी बघ, भिंत किती जाड आहे ते कळेल.

तुमची,
सुमा