सिस्टर मावशी, मागच्या खोलीसाठी थँक्यू

सलाम मावशी,

तोंडावर थँक्यू म्हणायला गेलो की तुम्ही हात झटकता, "माले काहून म्हणतं रे, प्रभूले म्हण." प्रभूला मी रोजच म्हणतो, पण ज्या माणसाच्या हातून त्याने काम केलं त्या माणसाचं कोणी नावच घेत नाही हे मला बरोबर वाटत नाही, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितोय. तुमचं पूर्ण नाव टाकत नाहीये, तुम्हाला आवडणार नाही माहिती आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. मावशी नर्सिंगमधल्या, म्हणून 'सिस्टर'. मी घरचा तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. बाप्तिस्मा लहानपणीच झालेला, संडे स्कूलमध्ये वचनं पाठ करून बक्षिसं घेतलेली, नाताळात गव्हाणी सजवायला सगळ्यात पुढे मीच. 'तारण', म्हणजे पापातून सुटका, हा शब्द हजार वेळा कानावरून गेला असेल, पण तो माझ्यासाठी आहे हे कधी वाटलंच नाही, तारण म्हणजे मेल्यावर कामात येणारी गोष्ट असंच डोक्यात. आणि तिकडे मोबाईलवर क्रिकेटचा सट्टा सुरू. आधी शंभर दोनशे, मग पगार, मग आईच्या पाटल्या गहाण, आणि शेवटी इतवारीत ज्या हार्डवेअरच्या दुकानात मी वसुलीचं काम करायचो तिथल्या वसुलीतले ४३ हजार. रात्री दोन वाजता ॲप डिलीट करायचो, रडायचो, शपथ घ्यायचो आणि दुसऱ्या दिवशी टॉस व्हायच्या आत ते परत डाउनलोड झालेलं असायचं.

घरात सगळे म्हणायला लागले पोराला कोणीतरी काहीतरी केलंय. मग एका ब्रदरकडे नेलं, 'सुटकेची प्रार्थना', म्हणजे अंगातलं भूत काढायची प्रार्थना, करतात म्हणून. डोक्यावर हात ठेवून तासभर ओरडणं, तेलाची बाटली, पाच हजाराचं 'दान'. खरं सांगतो, त्या दिवशी लय हलकं वाटलं. कारण आता चोर मी नव्हतो ना, चोर माझ्या आतला कोणी दुसराच होता आणि तो निघून गेला होता. आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी मॅच होती.

त्यानंतर आई मला तुमच्याकडे घेऊन आली. डिसेंबर होता, तुम्ही स्वयंपाकघरात खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या, मलाही एक ढीग पुढे सरकवला आणि पंधरा मिनिटं काहीच विचारलं नाही. मग म्हणाल्या प्रभूची प्रार्थना म्हण, येशूने शिष्यांना शिकवलेली. मी म्हटली, झोपेतही येते. "आम्हाला वाइटापासून सोडव" इथे आलो तर तुम्ही थांबवलं, "कोणतं वाईट?" मी सांगत सुटलो, मित्र, ते ॲप, शेजारच्यांची नजर, सैतान. तुम्ही सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् तुह्यं काय?"

मला राग आला होता मावशी, आज कबूल करतो. पण तुम्ही एदेन बागेची गोष्ट अशी सांगितली जशी मला संडे स्कूलमध्ये कोणी सांगितली नव्हती. आदामाने बायकोवर ढकललं, हव्वेने सर्पावर ढकललं, आणि सर्प खोटं बोललाच होता, ते नाकारायचं नाही. सैतान आहे, वाईट आहे, ते माणसाहून मोठं आहे. पण देवाने हाक मारून "तू कुठे आहेस" असं विचारलं ते आदामाला. भूत काढता येतं, म्हणाल्या, पाप काढून फेकता येत नाही, ते कबूल करावं लागते अन् त्याची क्षमा घ्यावी लागते, आणि येशू दोन्हीसाठी आला, सैतानाच्या हातून सोडवायलाही आणि तुझ्या स्वतःच्या हातून सोडवायलाही.

मग ती मागची खोली. भाडेकरू गेल्यावर तुम्ही ती स्वच्छ झाडून, फिनाईलने पुसून बंद करून ठेवली होती. त्या दिवशी कुलूप काढून मला आत नेलं तर झरोक्याची जाळी एका बाजूने उचकटलेली, माळ्यावर कबुतरांची तीन घरटी, फरशीवर विष्ठेचा थर, आणि कोपऱ्यात उंदरांनी जुन्या गादीचा कापूस ओढून ठेवलेला. तुम्ही म्हणाल्या बघ, झाडली होती मी, मनापासून झाडली होती. आणि तिथेच दारात उभं राहून मत्तयाच्या १२ व्या अध्यायातलं सांगितलं, अशुद्ध आत्मा माणसातून निघतो, फिरून परत येतो, घर झाडलेलं, सजवलेलं पण रिकामं सापडतं, आणि मग तो आपल्याहून वाईट सात जणांना घेऊन राहायला येतो. माझे ते आठ दिवस मला तिथे त्या कबुतरांच्या घाणीत दिसले. मी स्वतःला झाडून घेतलं होतं, राहायला आत कोणीच आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्या घाण खोलीतच मी पहिल्यांदा खरी प्रार्थना केली. काही वीज वगैरे चमकली नाही. इतकंच म्हटलं की मी चोर आहे, मला सुटता येत नाही, तू ये. पौलासारखा मोठा प्रेषित बायबलमधल्या रोमकरांस पत्रात लिहितो की जे चांगलं करायची इच्छा आहे ते मी करत नाही आणि जे करायचं नाही तेच करतो, मला कोण सोडवील, हे तुम्ही मला आधी वाचून दाखवलं असतं तर मी इतकी वर्षं एकटा समजून बसलो नसतो. वधस्तंभावर जे झालं ते माझ्या त्या ४३ हजारासाठीही झालं हे मला त्या दिवशी कळलं.

मी विचारलं होतं, मग इच्छा लगेच का जात नाही? तेव्हा तुम्ही रेव्हरंड टिळकांचं, म्हणजे ख्रिस्ती झालेल्या कवी नारायण वामन टिळकांचं सांगितलं. १८९३ मध्ये आपल्या याच नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या माणसाने त्यांना नवा करार दिला, पण बाप्तिस्मा झाला तो १० फेब्रुवारी १८९५ ला. मधला काळ ते वाचत होते, झगडत होते. आणि मग तुमचं नर्सिंगचं, की ऑपरेशन झालं म्हणजे जीव वाचला, ते पक्कं, पण म्हणून टाके दुसऱ्या दिवशी निघत नाहीत, ड्रेसिंग रोज करावं लागतं. हे वाक्य मी मोबाईलच्या मागे चिकटवलंय.

शेठचे पैसे परत करायचे तर मी म्हटलं होतं की चुकते केले म्हणजे देव माफ करेल ना. तुम्ही जवळजवळ ओरडल्या. बायबलमधल्या जक्कय जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत देतो म्हटलं ते येशू त्याच्या घरी आल्यावर, आधी नाही. पैसे देऊन तारण मिळत नाही, तारण मिळालं म्हणून हात सैल होतो. इफिसकरांस पत्रात आहेच, कृपेने, कर्मांनी नाही.

इतवारीत त्या दिवशी तुम्ही माझ्यासोबत आल्या, गुडघे दुखत असताना. मी पाकिटात पहिले सहा हजार ठेवून काउंटरवर सरकवले आणि सगळं सांगितलं. शेठ किती वेळ पाकिटाकडेच बघत होते, मग हिशोबाच्या वहीत तारीख टाकून रक्कम लिहिली, माझी सही घेतली. नोकरी गेली, जायलाच पाहिजे होती. पोलिसात गेले नाहीत ही त्यांची दया. मागच्या महिन्यात शेवटचा हप्ता दिला. आईच्या पाटल्या अजून सोडवायच्या आहेत.

एकदा परत घसरलो, तेही फक्त तुम्हालाच सांगितलं होतं. तुम्ही चिडल्या नाहीत, तोंड लपवून बसू नको, ये म्हणाल्या, आणि पिठलं भाकर खाऊ घातली.

मागची खोली आपण दोघांनी घासली, जाळी मी बसवली, आणि आता दर गुरुवारी तिथे आम्ही पाच पोरं वचन वाचायला बसतो. यातला एक जण माझ्याच त्या सट्ट्याच्या ग्रुपमधला आहे, मावशी, तो पहिल्या दिवशी दारातच उभा होता आणि तुम्ही त्याच्या हातात शेंगांचं टोपलं दिलं.

या गुरुवारी मी लवकर येतो, कूलरचं गवत बदलायचं आहे. मी येईपर्यंत तुम्ही स्टुलावर चढू नका.

तुमचाच,
बाबू