मृतांशी वैर कसले?

श्रीलंकेतील युद्धसमाप्तीचा आढावा घेणारा आपल्या अंकातील लेख वाचला. मे २००९मध्ये युद्ध संपल्यावर तिथे सैनिकांची स्मारके उभी राहिली, हे त्यात आले आहे. स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी सरकारशी लढणाऱ्या एलटीटीई (लिट्टे) या सशस्त्र संघटनेच्या मृतांचा मात्र उल्लेख नाही. जाफन्याजवळ कोपाय येथील त्यांच्या दफनभूमीवर बुलडोझर फिरवला गेला आणि २०११मध्ये त्याच जागी लष्करी मुख्यालय उघडले. दर २७ नोव्हेंबरला, या मृतांच्या स्मृतिदिनी, संध्याकाळी आया मुलाच्या नावाने दिवा लावतात. तो ठेवायला कित्येकींना थडगेच उरलेले नाही.

एलटीटीईचे क्रौर्य आपण विसरलेलो नाही, विसरूही नये. भारताने श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेतील, मुंबईत जन्मलेले परमवीर मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी त्याच भूमीवर एलटीटीईशी लढताना धारातीर्थी पडले. या शांतिसेनेच्या शहीद जवानांचे स्मारक आज कोलंबोजवळ दिमाखात उभे आहे. परक्या सैन्याला मिळतो तो मान श्रीलंकेने आपल्याच देशात जन्मलेल्या पोरांना नाकारायचा? त्यांत सक्तीने भरती केलेली शाळकरी मुलेही होती. संघटनेचा झेंडा नको, घोषणा नकोत. पण दफनभूमीच्या जागा लष्कराने मोकळ्या कराव्यात आणि मोडलेल्या शिळा आईबापांना पुन्हा उभ्या करू द्याव्यात.

– एक वाचक, ठाणे