रोजकीर्द आधी, खतावणी नंतर

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं, पण आईने "जेवलीस का?" विचारलं की ते तसंच राहायचं. म्हणून लिहिते आहे. मॅनेजरची जागा मी घेतली नाही. एक तारखेपासून आठवड्याचे चारच दिवस काम करणार आहे, पाचवा दिवस लिहिण्यासाठी ठेवलाय. पगार एक पंचमांश कमी होईल. तुम्ही पेढे वाटलेत हे मावशीकडून कळलं, आणि सगळ्यात जास्त वाईट त्याचंच वाटतंय.

हे काकासारखं नाही. नोकरी सोडलेली नाही. फ्लॅटचा हप्ता, तुमचा आरोग्यविमा, आईची फिजिओथेरपी, सगळं कागदावर मांडून बघितलंय. गच्चीवरचा पत्रा दिवाळीआधी घालायचा, तोही घालायचाच. खरंच काही कमी पडणार नाही.

लिहिणार काय, असं बाबा विचारतील. पैशाचे व्यवहार सर्व्हरवर मागच्या बाजूला कसे चालतात, कुठे अडतात, ते. मार्चमध्ये रात्री तीन वाजता आमचं सगळं ठप्प झालं. पोस्टग्रेस हा डेटाबेस मुळात एका वेळी १०० कनेक्शन घेतो, आणि आमचा एक प्रोग्रॅम काम झालं तरी कनेक्शन सोडतच नव्हता. दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं. तेव्हा ज्याने शोधून काढलं तो नोकरी बदलून गेला, मागे एक ओळ लिहिलेली नाही. आम्ही चौघं उजाडेपर्यंत तेच पुन्हा शोधत बसलो.

मला २००५ चा पूर आठवला. बाबा, पतसंस्थेत पाणी शिरलं, खातेवार लिहिलेल्या खतावण्यांचा लगदा झाला, पण रोजचे व्यवहार ओळीने नोंदलेली रोजकीर्द तुम्ही आदल्या रात्रीच माळ्यावर टाकली होतीत. मग आपल्या व्हरांड्यात बसून, जूनअखेरची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, धरून तुम्ही एकेक खातं पुन्हा उभं केलंत. मी रकमा वाचायची, तुम्ही लिहायचात, आई मधेच खिचडीचं ताट सरकवायची. वाचता वाचता मी तिथेच झोपायची आणि सकाळी अंगावर तुमची शाल असायची.

पोस्टग्रेस अगदी हेच करतो. बदल आधी नोंदवहीत लिहून डिस्कवर पक्का करतो, मूळ तक्त्यात तो नंतर चढतो. मधेच वीज गेली तर शेवटच्या चेकपॉइंटपासून, म्हणजे जिथवरचं सगळं तक्त्यात चढलेलं असतं तिथपासून, नोंदी वाचत जातो आणि सगळं जागेवर आणतो. त्यात ही सोय आली २००१ साली, म्हणजे आपल्या पुराच्या चारच वर्षं आधी. 'राइट-अहेड लॉगिंग' हे नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला काहीच अवघड वाटलं नाही, कारण चेकपॉइंट म्हणजे तुमची तेरीज. आमच्याकडे कराड-बार्शीहून मुलं येतात. हुशार असतात, पण इंग्रजीतलं हे तीनदा वाचून गप्प होतात. त्यांना असा व्हरांडा मिळालेला नाही. पहिला लेख मराठीत लिहिलाय, याच विषयावर. बढती घेतली असती तर दिवस मीटिंगांत गेला असता आणि हे राहूनच गेलं असतं. रागावला असाल तर रागवा, पण अबोला नको.

लेखाची प्रिंट मोठ्या अक्षरांत काढून सोबत ठेवली आहे. बाबा, डोळ्यांतले थेंब चारही वेळा घालायचे, आणि एका बैठकीत दोन पानांच्या वर वाचायचं नाही. जिथे अडेल तिथे पेन्सिलने खूण करा. "आता बरं आहे" म्हणून बीपीची गोळी परस्पर बंद करायची नाही. आई, स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढायचे नाहीत, मी आले की काढीन. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही.

शुक्रवारी आता सकाळी मी घरीच असेन. दहाला फोन करीन, तेव्हा खुणा केलेली पानं हाताशी ठेवा.

तुमची,
चिमणी

ता. क. मावशीला तुम्ही काही सांगू नका, मीच सांगेन.