चहाच्या पुड्यावर कॅफिनचा आकडा छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दुकानातल्या फ्रीजमधून एनर्जी ड्रिंकचा एखादा डबा उचलून बघा. त्यावर कॅफिन किती मिलिग्रॅम आहे ते छापलेलं असतं. मुलांनी, गरोदर आणि बाळाला पाजणाऱ्या बायकांनी ते पिऊ नये, अशी सूचनाही असते. कायद्यानंच ती घालावी लागते. अशा पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मुभा आहे, म्हणजे २५० मिलिलिटरच्या डब्यात फार तर ७५. आता त्याच दुकानातला चहाचा पुडा हातात घ्या. वजन, किंमत, कुठे भरला, कधी भरला, सगळं असतं. कॅफिनचा आकडा मात्र नसतो. आणि त्या पुड्यातली दोन ग्रॅम पूड, म्हणजे साधारण एक चमचा, आपण घरी उकळतो तशी खळखळ उकळली की साठेक मिलिग्रॅम कॅफिन पातेल्यात उतरू शकतं.

मी बेळगावात पदवीपूर्व महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. राहायला वडगावात आहे. पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना प्रकल्प निवडायला सांगितलं की कुणी ना कुणी ‘चहातील कॅफिन’ हा विषय घेऊन येतंच. घरातल्या डब्यातली पूड आणायची, ती पाण्यात सोडियम कार्बोनेट घालून उकळायची. कार्बोनेटमुळे टॅनिन, म्हणजे चहातलं तुरट द्रव्य, पाण्यातच अडकून राहतं. गाळून गार केलेला काढा विभाजन नळकांड्यात ओतायचा आणि त्यात डायक्लोरोमिथेन, म्हणजे कॅफिन विरघळवणारं जड द्रव, घालायचं. इथे मुलं उत्साहानं नळकांडं जोरात हलवतात, मग दोन्ही थर एकमेकांत मिसळून दुधासारखे गढूळ होतात आणि तासभर वेगळे होत नाहीत. हळू हलवलं तर जड थर खाली बसतो आणि कॅफिन त्यात आलेलं असतं. तो थर धुराड्याखाली सावकाश आटवला की बशीच्या तळाला हिरवट पांढरी पूड राहते. ती जपून तापवली की वाफ होऊन वरच्या गार काचेवर पांढऱ्या सुया धरतात. नायट्रोजनचे चार अणू असलेला तो रेणू आपण रोज पितो, हे मुलांना तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी दिसतं. नंतर पोटॅशियम क्लोरेट आणि हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर आटवून वर अमोनिया दिला की जांभळा रंग येतो, ती कॅफिनची खूण. वर्गात त्या वेळी जी शांतता असते ती मला पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही धड्याला मिळालेली नाही.

मुलं त्या सुया तोलतात आणि वहीत टक्केवारी लिहितात. पण तो आकडा चहाचं खरं प्रमाण म्हणून मी कुणाला सांगू देत नाही. प्रत्येक पायरीला थोडं सांडतं, थोडं नळकांड्यात राहतं आणि थोडा मळ सोबत येतो. खरं मोजमाप एचपीएलसी यंत्रावर होतं. काढ्यातले घटक त्यात एकेक करून वेगळे होतात आणि कॅफिन २७३ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश किती शोषतं त्यावरून त्याचं प्रमाण कळतं. चहातल्या कॅफिनसाठी या पद्धतीचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ १०७२७. मोठ्या चहा कंपन्यांकडे अशा प्रयोगशाळा असतात. मोजता येत नाही म्हणून आकडा छापत नाही, असं कुणालाच म्हणता येणार नाही.

आमच्या गल्लीतल्या कितीतरी जणींना वाटतं की कॅफिन कॉफीत असतं, चहात नसतं. रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८१९ साली ते कॉफीच्या बियांतून वेगळं केलं, आणि चहातलं द्रव्य हेच आहे हे १८३८ पर्यंत सिद्धही झालं होतं. वजनाला वजन धरलं तर कोरड्या चहापुडीत कॉफीच्या बियांपेक्षा बहुधा जास्तच कॅफिन भरतं, कारण चहात ते दोन ते चार टक्के असतं. कपात कमी येतं ते पूड कमी घालतो म्हणून.

हे ‘दोन ते चार’ फार मोठं अंतर आहे, आणि माझं म्हणणं नेमकं तिथेच आहे. एक हिशोब करून बघा. चार मोठ्या माणसांच्या घरात पाव किलोचा पुडा आठ दिवस पुरतो असं धरा. चहा दोन टक्क्यांचा असेल तर माणशी रोज १५६ मिलिग्रॅम कॅफिन होतं. चार टक्क्यांचा असेल तर ३१२. चोथ्यात थोडं राहतं ते सोडून द्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. म्हणजे तेच घर, तेच कप, तोच पुडा, आणि आपण मर्यादेच्या अलीकडे आहोत की पलीकडे हे कळायला मार्ग नाही! त्याच मार्गदर्शिकेत चहाच्या १५० मिलिलिटर कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम असा आकडा आहे. तिथेही दुपटीहून अधिक फरक. आपल्याकडे दाणेदार सीटीसी किंवा डस्ट वापरतात, त्याचा कण बारीक असल्यानं कॅफिन लवकर सुटतं. वरून आपण पाच-पाच मिनिटं उकळतो. दूध घातल्यानं ते नाहीसं होत नाही आणि उकळण्यानं जळतही नाही.

पोटात गेल्यावर जवळजवळ सगळं कॅफिन पाऊण तासात रक्तात उतरतं. आपण जागे असतो तेवढा वेळ मेंदूत ॲडेनोसीन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यानं झोप येते. ॲडेनोसीन मेंदूत जिथे चिकटतं त्या जागा कॅफिन अडवून बसतं. थकवा असतो तिथेच असतो, फक्त तो जाणवत नाही. मग यकृत हळूहळू ते निकामी करतं, आणि निरोगी माणसात निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात.

आमच्या भागात रात्रभर पॉवरलूम चालतात. शेजारचे एक विणकर मामा पहाटे चारला डुलकी मोडायला दोन कडक चहा घ्यायचे आणि आठला घरी येऊन पडायचे. “टीचर, दिवसा डोळाच लागंना झालाय बघा,” असं ते सांगत होते. चारला घेतलेल्या सव्वाशे मिलिग्रॅमपैकी साठ नऊ वाजता रक्तात असतात, हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. आता ते शेवटचा चहा दोनच्या आत घेतात. पण पहाटे डोळा लागला तर हात मागात जायचा धोका असतो, ही त्यांची अडचण माझ्या कागदावर सुटत नाही.

पाच तास हे सरासरीचं झालं. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचं यकृत कॅफिन जवळपास दुप्पट वेगानं संपवतं. निपाणीकडे तंबाखूवर जगणारी गावं आहेत, विडी सोडायचा प्रयत्न करणारे पुष्कळ आहेत. विडी सुटली आणि चहा तेवढाच राहिला तर रक्तात कॅफिन वाढतं. धडधड होते, चिडचिड होते, झोप उडते. माणूस म्हणतो विडी सोडल्यामुळे झालं, आणि पुन्हा पेटवतो. विडी सोडणाऱ्याला चहा निम्मा करायला सांगणारं कुणी भेटतं का, हे तिथल्या डॉक्टरांना मला विचारावंसं वाटतं.

गरोदरपणात नेमकं उलटं होतं. शेवटच्या महिन्यांत कॅफिन निम्मं व्हायला पंधरा तासही लागू शकतात. सकाळी सातचा चहा रात्री दहाला निम्मा अंगात असतो, आणि तो वारेतून बाळापर्यंत पोचतो. बाळाच्या यकृताला ते संपवण्याची ताकद नसते. नुकत्याच जन्मलेल्या मुलात ते निम्मं व्हायला तीन दिवस सहज लागतात. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१५ साली गरोदर बाईसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅमची मर्यादा ठरवली. वर मी जे चार माणसांचं घर धरलं त्यात एक सून गरोदर असेल तर १५६ ती मर्यादा पाळतात, ३१२ मोडतात. त्याच प्राधिकरणानं मुलांसाठी दिवसाला वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅमचा आकडा धरला आहे. शाळेला निघताना चहा-टोस खाणारं वीस किलोचं पोर घ्या. साठ मिलिग्रॅम, मोठ्यांचा एक कप, तिथेच त्याचा दिवस संपला.

लोहाच्या गोळीबद्दल एकच सांगते. चहामुळे लोह अंगात नीट शोषलं जात नाही, पण तो दोष कॅफिनचा नसून टॅनिनचा आहे. अंगणवाडीत जेवून, गोळी घेऊन घरी आलेल्या बाईला लगेच चहा देऊ नका. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा टाळा, असं पोषण संस्थाही सांगते. ॲनिमियानं पांढऱ्या पडलेल्या बायका आपल्या खेड्यांत कमी नाहीत.

चहा सोडा असं मी म्हणत नाही. रोपलावणीला चिखलात उभ्या राहणाऱ्या बाईच्या हातातला कप काढून घ्यावा असं मला कधी वाटणार नाही. उद्या अचानक सोडला तर अनेकांचं डोकं दोन-चार दिवस फुटायची वेळ येईल, तेही खरं. मला फक्त पुड्यावर एक ओळ हवी आहे: ‘१०० ग्रॅममध्ये कॅफिन इतके मिलिग्रॅम.’ ती कानडीत छापा, मराठीत छापा, आकडा दोघांनाही वाचता येईल. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं हे बंधन घालावं अशी विनंती मी त्यांना लेखी करणार आहे, वाचकांनीही करावी. तोवर रविवार पेठेतल्या ज्या व्यापाऱ्यांची स्वतःची मिसळलेली सुटी चहापूड खपते, त्यांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून आपला नमुना तपासून घ्यावा आणि तो आकडा दुकानातल्या पाटीवर भावाच्या शेजारी लिहावा. नमुना कसा घ्यायचा, कसा पाठवायचा, आलेला अहवाल कसा वाचायचा, यात मी आणि माझे विद्यार्थी मदत करू.

आपली,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका
वडगाव, बेळगाव