कारखाना कंपनीचा, ऊस बाहेरचा

विश्रामबाग, सांगली
१६ नोव्हेंबर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ गाळा घेऊन गेम पार्लर टाकायचं तू नक्की केलंस हे वाचून मनापासून आनंद झाला. मशीन कोणतं घ्यायचं यावरचा तुझा मुद्दा मात्र मला पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. तू म्हणतोस, निंटेंडो या जपानी कंपनीकडे स्वतःचे मारिओ, झेल्डा हे गेम आहेत. घरचे गेम इतके दमदार असतील तर बाहेरच्या स्टुडिओंवाचून, म्हणजे गेम बनवणाऱ्या इतर कंपन्यांवाचून, काय अडतं? माझ्या मते, अडतं. कंपनी तगून राहू शकते, पण त्या मशीनची भरभराट होत नाही.

इकडे सध्या गाळप सुरू झालंय. कारखान्याची स्वतःची थोडी शेती असली तरी त्या उसावर हंगाम निघत नाही. वाळवा-पलूसकडच्या सभासदांचा ऊस आला तरच गव्हाणी भरतात. चौदा दिवसांत बिल द्यायचा कायदा आहे. ते थकलं किंवा वजनकाट्यावरचा विश्वास उडाला, की शेतकरी पुढच्या साली दुसऱ्या कारखान्याला नोंद देतो. कन्सोलचं, म्हणजे गेमच्या मशीनचं, नेमकं असंच आहे.

आधी पैसा कसा फिरतो ते बघ. मशीन बहुधा अगदी कमी नफ्यात, कधी तोट्यातही विकतात. कमाई होते ती प्रत्येक गेममागच्या वाट्यातून. डिजिटल दुकानात हा वाटा साधारण ३० टक्के असतो. म्हणजे बाहेरच्या स्टुडिओनं चार-पाच वर्षं स्वतःचा पैसा घालून गेम केला, तर जोखीम त्याची आणि ३० टक्के कंपनीचे. बाहेरचे गेले की हा ओघ आटतो. शिवाय गेम लागतात किती? दर महिन्याला एक मोठा गेम हवा असेल आणि एका चमूला एका गेमला चार वर्षं लागत असतील, तर ४८ चमू एकाच वेळी कामाला हवेत. इतकी माणसं घरात पोसणं कुठल्याही कंपनीला परवडणारं नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे निंटेंडोचं वी यू. नोव्हेंबर २०१२ मध्ये आलं. आत तीन कोअरचा, म्हणजे एकाच वेळी तीन कामं हाकणारा, पॉवरपीसी प्रोसेसर, साधारण १.२४ गिगाहर्ट्झचा. मेमरी २ जीबी, पण त्यातली १ जीबी यंत्रणेलाच राखून ठेवलेली, त्यामुळे गेमच्या हाती उरायची १ जीबी. वर्षभरात सोनीचं पीएस४ (प्लेस्टेशन ४) आलं ते आठ कोअर आणि ८ जीबी घेऊन, तेही साध्या पीसीच्या घडणीचं. आता स्टुडिओच्या जागी बसून विचार कर. पीएस४, एक्सबॉक्स आणि पीसी या तिघांना एकच कोड थोड्याफार फरकानं चालतो. वी यूसाठी मात्र चित्रांचे पोत बारीक करून १ जीबीत बसवायचे, आठ कोअरवर वाटलेलं काम तिनावर आणायचं आणि वर हातातल्या ६.२ इंची पडद्यावर काय दाखवायचं तेही ठरवायचं. भरीला एपिक कंपनीनं तिचं अनरियल इंजिन ४, म्हणजे गेम बांधायचं तयार सॉफ्टवेअर, या मशीनवर अधिकृतपणे आणलंच नाही. म्हणजे ज्या स्टुडिओचा गेम त्या इंजिनात आहे त्याला दारच बंद. इतकी मेहनत करून गिऱ्हाईक मोजकंच.

तुझ्या धंद्याच्या दृष्टीनं यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. फुटबॉलचा गेम फिफा १३ वी यूवर आला, फिफा १४ आलाच नाही. रेमन लेजेंड्स तर फक्त वी यूसाठी म्हणून फेब्रुवारी २०१३ मध्ये यायचा होता. प्रकाशकानं तो सप्टेंबरपर्यंत लांबवला आणि बाकीच्या मशीनवरही सोडला. त्या वर्षीच्या पहिल्या सहामाहीत मशीनवर नवं असं फार थोडं आलं. एप्रिल ते जून २०१३ या तिमाहीत जगभरात मिळून १ लाख ६० हजार वी यू खपले. गिऱ्हाईक कमी म्हणून स्टुडिओ नाहीत, स्टुडिओ नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही. असा फेरा एकदा लागला की घरचा गेम कितीही चांगला असो, तो तोडता येत नाही. शेवटी आकडा १ कोटी ३५ लाखांवर थांबला. त्याआधीचं वी १० कोटींच्या पुढे गेलं होतं.

आणि तू ज्या मारिओच्या जोरावर बोलतोस त्याचाच हिशेब घे. मारिओ कार्ट ८ वी यूवर सुमारे ८४ लाख प्रती खपला. तोच गेम, थोडी भर घालून, निंटेंडोच्या पुढच्या मशीनवर, स्विचवर, आला आणि ६ कोटींच्या वर गेला. गेम फारसा बदलला नव्हता, त्याच्याखालचं मशीन बदललं होतं.

बाहेरचे का रुसतात, याचं मूळ बऱ्याचदा मशीन आखतानाच सापडतं. निंटेंडो ६४ च्या वेळी सगळे सीडीकडे वळत असताना निंटेंडोनं कार्ट्रिज, म्हणजे मशीनमध्ये खोचायची गेमची डबी, धरून ठेवलं. एका सीडीत ६५० एमबी मावायचे, तर सगळ्यात मोठं कार्ट्रिज ६४ एमबीचं, आणि ते बनवायला सीडीच्या कितीतरी पट महाग. स्क्वेअर कंपनी वर्षानुवर्षं निंटेंडोसाठी गेम करत होती, पण फायनल फँटसी ७ तिनं १९९७ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशनला दिला, तीन सीडींवर. दोन सीडींचा रेसिडेंट एव्हिल २ पुढे १९९९ मध्ये ६४ एमबीच्या कार्ट्रिजमध्ये बसवून दाखवला खरा. व्हिडिओ आणि आवाज पिळून पिळून लहान केले. ती कारागिरी मला आजही थक्क करते. पण अशी कसरत प्रत्येक स्टुडिओनं का करावी? प्लेस्टेशन १० कोटींवर गेलं, निंटेंडो ६४ सव्वातीन कोटींच्या आसपास राहिलं.

बाहेरच्यांना मोकाट सोडूनही चालत नाही, हेही खरं. अटारी या जुन्या मशीन कंपनीतून गेम बनवणारे डेव्हिड क्रेन आणि तीन सोबती बाहेर पडले, कारण गेमवर नाव नाही आणि विक्रीत वाटा नाही. त्यांनी १९७९ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन काढली. अटारीनं कोर्टात खेचलं, तडजोड झाली आणि बाहेरच्यानं गेम करायचा, मशीनवाल्याला वाटा द्यायचा, ही रीत पडली. पण मग कुणीही उठून कार्ट्रिज काढू लागलं आणि १९८३ मध्ये अमेरिकेतला बाजार कोसळला. त्यातून धडा घेऊन निंटेंडोनं मशीनमध्ये परवानगीशिवायची कार्ट्रिज अडवणारी कुलूप-चिप बसवली, एका कंपनीला वर्षाला पाचच गेमची मुभा दिली, कार्ट्रिजही स्वतःच बनवून दिली. बाजार हातात होता तोवर लोकांनी हे सोसलं.

सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या मशीनचं दुखणं वेगळं. बाहेरच्यांपैकी कॅपकॉम, नामको होते, पण फिफा काढणारी इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स आली नाही. सेगानं स्वतःचे खेळांचे गेम काढले आणि ते उत्तम होते. तरी पीएस२ समोर जानेवारी २००१ मध्ये उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर करावं लागलं. एकट्या त्या नकारामुळे मशीन बुडालं असं मी म्हणणार नाही. आधीच्या मशीनमधला तोटाही होता. पण नकारानं जखम खोल केली.

मग स्विच कसं चाललं? दोन गोष्टी झाल्या. आधी निंटेंडोचे चमू घरातलं मशीन आणि हातातलं मशीन अशा दोन ठिकाणी वाटले जायचे. स्विचनं दोन्ही एक केली, त्यामुळे २०१७ मध्ये मार्चला झेल्डा, एप्रिलला मारिओ कार्ट, जुलैला स्प्लॅटून २, ऑक्टोबरला मारिओ ओडिसी अशी घरचीच रांग लागली. दुसरं, आत एनव्हिडियाची ओळखीची चिप, आणि अनरियल व युनिटी ही दोन्ही इंजिनं चालणारी. त्याच वर्षी स्टारड्यू व्हॅली, डूम, स्कायरिम आले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये सर्वांत आधी स्विचवर आला, आणि तो अनरियल ४ मध्ये केलेला. हाच गेम वी यूवर आणायचा तर इंजिनापासूनच अडलं असतं. आपल्या पुण्यातल्या छोट्या चमूचं काम जगभर हातात पडतं, ते अशा उघड्या दारामुळे. याचा मला फार अभिमान वाटतो.

आता तुझ्या गाळ्याचं. साताऱ्यातली पोरं येऊन काय मागतील? फुटबॉल, डब्ल्यूडब्ल्यूई, जीटीए ५, टेकन. हे चारही गेम मशीन बनवणाऱ्या कंपनीचे नाहीत. म्हणून दोन पीएस५ आणि एक स्विच, असं माझं सांगणं. स्विच लहान मुलांच्या वाढदिवसाला आणि चौघांच्या मारिओ कार्टला भरपूर पुरेल. पण फुटबॉलसाठी त्यावर भिस्त ठेवू नकोस. स्विचवरचे फिफा २० ते २३ हे लेगसी एडिशन होते, म्हणजे जुनाच गेम, फक्त संघ आणि जर्सी नव्या. खोक्यावर नाव तेच असतं, म्हणून मागची बाजू वाचूनच घे. काही कार्ट्रिजमध्ये अर्धाच गेम असतो आणि उरलेला डाउनलोड करावा लागतो, कारण मोठं कार्ड प्रकाशकाला महाग पडतं. तेही खोक्यावर छापलेलं असतं.

पीएस५ मधली साठवण ८२५ जीबीची असेल तर वापरायला ६६७ च्या आसपास मिळतात आणि मोठे गेम ५० ते १०० जीबी किंवा त्याहूनही जास्त खातात. सात-आठ गेममध्ये जागा संपेल. जेन ४ ची एक टीबीची एम.२ एसएसडी, म्हणजे साठवणीचं जादा कार्ड, घे, हीटसिंकसकट (उष्णता खेचणारी पट्टी). सगळं मिळून उंची ११.२५ मिमीच्या आत हवी, नाहीतर ती आत बसतच नाही. मशीन पूर्ण बंद करून वायर काढ, वरचं कव्हर सरकव, खाचेवरचा स्क्रू काढ, स्पेसर कार्डाच्या लांबीला लाव, कार्ड तिरकं घालून दाब आणि स्क्रू आवळ. मशीन चालू केल्यावर ते स्वतःच फॉर्मॅट विचारतं. दोन मशीनवर एकाच वेळी फुटबॉल लावायचा तर गेमच्या डिस्कही दोन लागतील. इन्स्टॉल झाला तरी डिस्क आत असल्याशिवाय गेम सुरू होत नाही. आणि हे विसरू नकोस: गेमचा परवाना साधारण घरगुती वापराचा असतो. पैसे घेऊन खेळवायचं असेल तर प्रत्येक गेमच्या अटी आधी वाच, जाणकार वकिलाला दाखव.

पुढे कुणी नवं मशीन गळ्यात मारायला आला तर त्याला तीनच गोष्टी विचार. येत्या सहा महिन्यांत त्यावर बाहेरच्यांचे कोणते गेम तारखेसह जाहीर झालेत? यंदाचा फुटबॉल त्यावर आहे का, आणि पूर्ण आहे का? अनरियल आणि युनिटी चालतात का? उत्तरं लिहून मला पाठव, गाळ्याचा करार करण्याआधी आपण फोनवर बसून बघू.

घरी सर्वांना नमस्कार, वहिनींना विशेष.

तुझा,
अनिल