अ‍ॅडमिनच्या हातातली चौथी पातळी

संपादक महोदय,

पैशांच्या ऑनलाइन खेळांवर केंद्रानं 2025 मध्ये बंदीचा कायदा केला, त्यावर बरंच लिहून आलं. पण ज्या खेळांत पैसा लागत नाही आणि मुलं रोज संध्याकाळी असतात, तिथं कुणाच्या हाती किती सत्ता असते, हे कुणी विचारत नाही. म्हणून हे पत्र.

माझी मुलगी नववीत आहे. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बांधायच्या खेळात ओळखीच्या मुलांचा सर्व्हर, म्हणजे त्यांचं सामायिक ऑनलाइन जग आहे. सुट्टीत ती तिथं कृष्णेचा घाट बांधत होती. पायऱ्या, ओवऱ्या, देवळाचा कळस, सगळं एकेक ठोकळा लावून. एका संध्याकाळी तिच्या पेटीतले हिरे गेले आणि पाण्यालगतच्या अकरा पायऱ्यांच्या जागी खड्डा दिसला. तिनं गटात विचारलं, तर पाच मिनिटांत तिलाच बॅन केलं. चार दिवसांनी सर्व्हर चालवणाऱ्या मुलानं नोंद उघडून पाहिली, तेव्हा कळलं की हे जादा अधिकार दिलेल्या एका मुलानं, म्हणजे अ‍ॅडमिननंच केलं होतं. सर्व्हरच्या नियमांत ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे : अ‍ॅडमिन आपले अधिकार स्वतःच्या खेळासाठी वापरणार नाहीत.

मी 27 वर्षं सहकारी बँकेत आहे. लेजरच्या काळात स्वतःचं व्हाउचर स्वतः पास करू नये, असं परिपत्रक होतं. तरी लोक करायचे. संगणक आल्यावर सिस्टीमच अडवायला लागली : एंट्री तुमची, पास करायला दुसरा माणूस आणा. परिपत्रकानं जे वर्षानुवर्षं साधलं नाही, ते त्या एका अटीनं साधलं.

मुलीसोबत बसून मी त्या सर्व्हरची रचना समजून घेतली. माइनक्राफ्टमध्ये ऑपरेटरच्या, म्हणजे असे जादा अधिकार असलेल्या खेळाडूच्या, चार पातळ्या असतात. हव्या त्या वस्तू काढणं, खेळाचा प्रकार बदलणं हे दुसऱ्या पातळीत येतं. कुणाला हाकलणं, बॅन करणं तिसऱ्या पातळीत. सर्व्हर बंद करणं चौथ्या पातळीत. पण वरच्या पातळीला खालची सगळी मिळतेच. म्हणजे भांडखोर मुलाला बाहेर काढण्याचा हक्क दिला, की हिरे हवेतून काढण्याचा हक्कही आपोआप मिळाला. आणि सेटिंग न बदलता कुणाला ऑपरेटर केलं, तर थेट चौथी पातळी मिळते. लक-पर्म्ससारखं प्लगइन, म्हणजे सर्व्हरला जोडायचा छोटा प्रोग्राम, बसवलं तर एकेक अधिकार वेगळा देता येतो. त्या मुलांनी ते बसवलंच नव्हतं, नियम तेवढा लिहिला होता.

हा प्रश्न जुनाच आहे. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या पॅव्हेल कर्टिस यांनी चालवलेल्या लॅम्डामू या, चित्रांऐवजी नुसता मजकूर टाइप करून वावरायच्या ऑनलाइन जगात ‘विझर्ड’ म्हणजे सर्वाधिकारी होते. डिसेंबर 1992 मध्ये त्यांनी जाहीर केलं, आम्ही यापुढे फक्त तांत्रिक काम पाहू, खेळाडूंमधली भांडणं मिटवणार नाही. त्यांची ताकद मात्र होती तशीच राहिली. पुढच्याच वर्षी एका पात्रानं इतरांचा लैंगिक छळ केला. सगळ्यांची बैठक निर्णयाविना संपली, आणि एका विझर्डनं एकट्यानं ते पात्र पुसून टाकलं. मग अर्ज आणि मतदानाची पद्धत आली. 1996 मध्ये विझर्डांनी ती जुनी घोषणाच मागे घेतली. तांत्रिक कुठं संपतं आणि सामाजिक कुठं सुरू होतं, ही रेघ त्यांना ओढता आली नाही.

पैसा असेल तिथं हेच जास्त महागात पडतं. अ‍ॅब्सोल्यूट पोकर या साइटवर 2007 मध्ये हरलेल्या एका खेळाडूनं खेळलेल्या डावांची नोंद मागितली. कंपनीकडून चुकून सगळ्यांच्या झाकलेल्या पत्त्यांची फाइल गेली. त्यातूनच उलगडलं की आतल्या एका खात्याला समोरच्यांचे पत्ते दिसत होते. असं पाहू नये हे सांगायला कुठल्या नियमाची गरज होती? पत्ते त्या पडद्यापर्यंत पोहोचायलाच नको होते.

प्रोग्राम सगळं सांभाळील असं मी म्हणत नाही. आमच्याकडेही पास करणारा जेवायला गेला की त्याचा पासवर्ड चिठ्ठीवर फिरताना मी पाहिला आहे. कोण छळतंय आणि कोण नुसता चिडवतोय, हे माणसांनीच ठरवायचं, तिथं नियम आणि बैठक लागणारच. शिवाय ज्याच्याकडे सर्व्हरचा कॉम्प्युटर आहे, तो कुठलंही कुलूप काढू शकतो. म्हणून अ‍ॅडमिननं दिलेल्या प्रत्येक आज्ञेची नोंद त्याच क्षणी सगळ्या खेळाडूंना दिसायला हवी, म्हणजे नंतर ती पुसून उपयोग नाही.

शाळा, क्लब आणि सोसायट्यांतली मुलं असे सर्व्हर चालवतात. त्यांच्या पालकांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे : नियमांचा कागद वाचून थांबू नका. अ‍ॅडमिन किती आहेत, कुणाला कुठली पातळी आहे आणि नोंद कोण पाहू शकतं, हे मुलांना विचारा.

मुलीवरचा बॅन उठला आहे. पायऱ्या तिनं पुन्हा बांधायला घेतल्या आहेत. तो मुलगा अजून अ‍ॅडमिन आहे, आणि काल पाहिलं तेव्हा त्याची पातळी चौथीच होती.

— एक बँक कर्मचारी, मिरज