बाबा, पाय पांघरुणाबाहेर काढा

सोडो, वोलायता (इथिओपिया)
२१ जानेवारी २०२६

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, मी ठणठणीत आहे. फोन होतोच आपला, पण फोनवर बाबा "बरी आहेस ना? घे, आईशी बोल" याच्या पुढे जात नाहीत आणि आईचं जेवणखाण विचारून होईतो इथलं नेटवर्क जातं. या वेळी मला बाबांशी सविस्तर बोलायचंय. दादाला मेल करते, तो मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल. चष्मा सापडत नाही ही सबब चालणार नाही.

आधी आईचं उत्तर देते, म्हणजे ती पुढचं निवांत ऐकेल. आई, माझे खाण्याचे हाल अजिबात नाहीत. इथले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोक बुधवारी आणि शुक्रवारी मांस, अंडी, दूध यातलं काही खात नाहीत, शिवाय वर्षाकाठी मोठमोठे उपवास वेगळेच. त्यामुळं खानावळीत नुसतं 'त्सोम' म्हटलं, म्हणजे उपवासाचं, की शाकाहारी ताट समोर येतं. त्यात शिरो असतो. नाव शिऱ्याचं, पण आहे ते डाळीच्या पिठाचं तिखट कालवण. डोळे मिटून खाल्लं तर तुझं पिठलंच, फक्त लसूण हात राखून टाकलेला. सोबत इंजेरा, तेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून तव्यावर टाकलेली, जाळीदार आणि आंबट. काही भागांत ती ज्वारीचीही करतात. ज्वारी मूळची आफ्रिकेच्या याच अंगाची आणि हजारो वर्षांपूर्वी इकडून आपल्याकडे आली, हे मंगळवेढ्याच्या मामांना जरूर सांग. मालदांडी ज्वारीचा विषय निघाला की ते दुसऱ्याला बोलू देत नाहीत. शेंगाचटणी मात्र संपली. इकडं कुणी यायचं असलं तर पाठव, कडक भाकरी नको, चुरा होतो.

घड्याळाची गंमत फोनवर सांगितली होती, पण बाबांपर्यंत पोचली नसेल. इथं तास दिवस उगवल्यापासून मोजतात. आपल्या सकाळी सातला इथं एक वाजतो. पेशंटला "तीनला या" म्हटलं की तो नऊला येतो आणि वेळेवर आलेला असतो. वर्षाचे महिने तेरा, आणि साल अजून २०१८ चालू आहे. मी वयानं लहान झालेय.

आता कामाचं. आई, तू सगळ्यांना "पोरगी तिकडं दवाखान्यात आहे" म्हणून सांगतेस, ते खरं आहे, पण तिथं मी नेमकं काय करते ते नीट सांगते. मी पाय धुते.

इथं पायाचा एक आजार आहे. दिसायला आपल्याकडच्या हत्तीपायासारखाच: घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सूज, कातडी जाड, बोटांवर गाठी, भेगांतून पाणी. पण हा डासानं होत नाही. वोलायता उंचावर आहे, सोडो शहर सुमारे दोन हजार मीटरवर, आणि हत्तीरोग पसरवणाऱ्या डासांना एवढी उंची मानवत नाही. दोष इथल्या लाल मातीचा. ज्वालामुखीच्या खडकांची झालेली ही माती, जन्मभर अनवाणी शेतात राबलं की तिचे सूक्ष्म कण तळव्याच्या कातडीतून आत जातात, आणि ज्यांच्या अंगातच ती प्रवृत्ती असते त्यांच्या पायातल्या लसीकेच्या वाहिन्या सुजून बंद होत जातात. अर्नेस्ट प्राइस नावाचे डॉक्टर या देशात कुष्ठरोग्यांवर उपचार करत होते. त्यांनी हे कोडं मातीपर्यंत नेऊन सोडवलं आणि आजाराला पोडोकोनिओसिस हे नाव दिलं. पूर्ण देशात असे पंधरा लाखांच्या आसपास रुग्ण असावेत असा अंदाज आहे. आजार संसर्गाचा नाही, एकाचा दुसऱ्याला होत नाही. पण लोकांना ते पटत नाही. अशा घराशी सोयरीक करत नाहीत.

उपचार ऐकून बाबा हसतील. साबण, पाणी, पाण्यात थेंबभर जंतुनाशक, व्हॅसलीन, बँडेज आणि बूट. पाण्याच्या घमेल्यात पाय घालून बसवायचं, साबणानं हलक्या हातानं प्रत्येक वळी, प्रत्येक बेचकं धुवायचं, फडक्यानं टिपून कोरडं करायचं, व्हॅसलीन चोळायचं, बोटांकडून वर बँडेज बांधायचं. मग इथला चांभार कागदावर पावलाची आकृती काढून घेतो आणि त्या मापाचे बूट शिवतो, कारण दुकानातले असल्या पायात शिरत नाहीत. सूज उतरायला महिने लागतात. वास मात्र काही आठवड्यांत जातो. आणि माणसाला घराबाहेर बसवतो तो वासच, सूज नव्हे.

इथं जेवण एका मोठ्या ताटात सगळ्यांनी मिळून करायचं असतं, आणि ज्याच्यावर माया त्याला आपल्या हातानं भला मोठा घास भरवायचा. नको म्हणायची सोय नाही. अशा मुलखात एखाद्याचं ताट वेगळं काढलं तर त्याला काय वाटत असेल?

आमच्याकडं एक आजोबा येतात. म्हाताऱ्या माणसाला इथं 'अबाबा' म्हणतात, मीही तेच म्हणते. पहिल्या दिवशी ते बाकाच्या टोकाला बसले आणि अंगावरची गाबी ओढून पायांवर घेतली. गाबी म्हणजे हातमागावरचं चार पदरी जाड सुती पांघरूण. बाबा, तुम्हाला आवडेल. किनार सोडली तर पांढरीशुभ्र, आणि हात लावला की कळतं, विणीचा ठोक नीट बसलाय. विणकर इथंही पुरुषच, खड्डामागावर बसतात, आणि सूत बायका काततात. तर अबाबांचा नंबर आला की ते पुढच्याला पाठवायचे. सगळे गेले तेव्हा उठले. पाय घमेल्यात ठेवले आणि मान भिंतीकडं फिरवली. इथली माणसं 'हो' म्हणायला पुष्कळदा तोंड उघडत नाहीत, झटकन श्वास आत ओढतात. मी पाय धुताना ते असे श्वास घेत होते आणि मला प्रत्येक वेळी चटका बसल्यासारखं वाटायचं. आमच्याबरोबरची नर्स म्हणाली, "दुखत नाहीये त्यांना, तू विचारतेस त्याला ते हो म्हणतायत."

बूट मिळाल्यावर मात्र त्यांना कंठ फुटला. मी इंडियन म्हटल्यावर त्यांनी मला इंग्रजीत बाराचा पाढा म्हणून दाखवला. सम्राट हैले सेलासींच्या काळात आपल्याकडून बरेच शिक्षक इथल्या शाळांत आले होते, त्यातले एक अबाबांना गणिताला होते. "छडी फार मारायचे," म्हणाले. माझ्याकडं असं बघितलं की जणू हिशेब आता फिटला. आता घरी सून त्यांना पाणी तापवून देते आणि धुणं-पुसणं त्यांचं तेच करतात.

बाबा, हे एवढं लांबण का लावलं ते तुमच्या लक्षात आलं असेलच.

परवा, १९ तारखेला, इथं तिमकत झाला, येशूच्या बाप्तिस्म्याचा सण. भरजरी कापडात गुंडाळलेला ताबोत, म्हणजे चर्चमधली पवित्र पाटी, पुजारी डोक्यावर घेऊन पाण्याकडं निघतात, वर मखमलीच्या छत्र्या, आणि मागं पांढऱ्या कपड्यांतली माणसांची रांग. त्यात पुष्कळ म्हातारे. बघताना मला आपला गड्डाच, सिद्धेश्वराची यात्रा, आठवला, नंदीध्वज, बाराबंदी, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा. आणि त्याच संध्याकाळी वहिनीनं सांगितलं की या वर्षीही तुम्ही नंदीध्वजाबरोबर अडुसष्ट लिंगांची पूर्ण प्रदक्षिणा केलीत. अनवाणी. आल्यावर फरशीवर रक्ताचे डाग उमटले तेव्हा कळलं की तळव्याला काहीतरी लागलंय. आईनं विचारलं तर "काय न्हाई" म्हणून चादर ओढून घेतलीत.

लागलं हे तुम्हाला डाग बघून कळलं, भीती त्याची वाटते. गेल्या उन्हाळ्यात चप्पल पायातून निसटली होती आणि तुम्ही पार्क चौकातून तसेच पुढं गेलात, दादानं उचलून आणली. चालत्या मागावर एक टोक तुटलं तरी नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस तुम्ही. डोळ्यांना, कानांना काही झालेलं नाही. शुगरनं तळव्याच्या नसा बधिर झाल्यात. दुखत नाही म्हणून तुम्ही ते किरकोळ धरता, आणि आम्ही नर्सा दुखत नाही म्हटलं की जास्त घाबरतो.

समोरच्या काकू आईला म्हणाल्या म्हणे, "परक्यांची म्हातारीकोतारी धुवायला गेली, घरच्यांचं कोण बघायचं?" काकूंचा मला राग नाही. तो प्रश्न विमानात बसल्यापासून माझ्या सोबत आहे. पण खरं सांगा, मी अशोक चौकातल्या घरात असते तर तुम्ही मला पाय दाखवले असते? दिवाळीत मी घरीच होते. नर्सिंगचं शिक्षण तुमच्याच पैशानं घेतलेली पोरगी समोर बसली होती आणि तुम्ही पाय मुडपून घेतलेत. कुरूप तुम्ही ब्लेडनं कापता हेही मला आईकडून कळलं. लेकीनं पाय बघायचे म्हणजे आपण लाचार झालो, असं तुम्हाला वाटतं का? इथल्या म्हाताऱ्यांनाही असंच वाटतं. ते वर्षानुवर्षं पाय झाकतात, आणि झाकलेले पाय कोणी धूत नाही, पुसत नाही, म्हणून बिघडतात. मातीपेक्षा या झाकण्यानंच जास्त नुकसान केलंय असं माझं मत झालंय.

मी निघताना तुम्ही सगळ्यांना डॉ. कोटणीसांचा दाखला देत होतात, "सोलापूरचं पाणीच तसं आहे" म्हणून. भय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात शाळेच्या सहलीला आम्हाला नेलं होतं. १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि १९४२ च्या डिसेंबरात तिकडंच वारले, वय अवघं बत्तीस. पण वडील गेल्याची बातमीही त्यांना चीनमध्येच कळली होती, हे तुमच्या भाषणात कधी येत नाही. मला हल्ली तेवढंच आठवतं. मी काही कोटणीस नाही आणि व्हायचंही नाही. मी जूनमध्ये परत येणार आहे, आणि तेव्हा तुम्ही मला स्टँडवर न्यायला तुमच्या दोन पायांवर चालत यायचंय.

प्रदक्षिणा सोडा असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी तुम्ही ऐकणार नाही. पण सिद्धरामेश्वरांनी लोकांना पाणी मिळावं म्हणून तळं खोदलं, त्यांना तुमचं रक्त सांडलेलं हवंय असं मला तरी वाटत नाही. पुढच्या वर्षी सुती मोजे आणि कापडी बूट घालून चाला. बाराबंदीवर ते शोभत नाहीत हे मान्य. नाहीतर अनवाणी चालायचा मान दादाला द्या, त्याचं वजनही कमी होईल.

आता काय करायचं ते सांगते. आई, हे तू ध्यानात ठेव, त्यांच्यावर सोडू नकोस. रोज संध्याकाळी दोन्ही तळवे बघायचे. वाकता येत नसेल तर खाली आरसा धरायचा. बोटांच्या बेचक्यातही बघायचं. कोमट पाण्यानं धुवायचे, पण इथल्यासारखे भिजवत ठेवायचे नाहीत, शुगरच्या पायाला ते चालत नाही. पाणी किती गरम ते बाबांनी पाय घालून बघायचं नाही, तू कोपरानं बघ. व्हॅसलीन वरून आणि टाचेला, बेचक्यात नको. ब्लेड कपाटातून काढून टाक. घरातही चप्पल.

आणि येत्या आठवड्यात दादानं बाबांना शुगरच्या डॉक्टरांकडं न्यायचंय. तिथं नायलॉनचा एक दोरा तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबतात आणि डोळे मिटून "लागलं" म्हणायला सांगतात. बाबा, तिथं अंदाजानं लागलं-लागलं म्हणू नका. ती परीक्षा नाही, पास व्हायचं नसतं.

तोवर दादाला दोन्ही तळव्यांचे फोटो काढून आजच पाठवायला सांगा. दिवसा, खिडकीजवळ. ट्यूबखाली काढले की सगळं पांढरं दिसतं, जखमेची कड कळत नाही.

तुमची,
लेक